आठवडी बाजारातली कल्हईची भट्टी: पितळी गंज द्यावा की नाही?

वर्धा नदीच्या दोन्ही काठांवरच्या आठवडी बाजारांत दिवाळीनंतर कल्हईची, म्हणजे भांड्याला आतून कथलाचा (टिनचा) पातळ थर देण्याची, एक फिरती भट्टी लागते. दोन माणसं, हातानं फिरवायचा भाता, कोळशाचं पोतं, नवसागराची पुडी, कापूस आणि कथलाच्या कांड्या, एवढाच पसारा. सकाळी भांडं टाकायचं, बाजार उठायच्या आत घेऊन जायचं. माळ्यावर पडलेले पितळी गंज (खोल पातेली) आणि परात आता पुन्हा चुलीवर येऊ लागलेत, भंडाऱ्याच्या जुन्या भांड्यांना घराघरांत मान मिळतोय. त्यामुळे ही सेवा नीट पारखून घेणं फार गरजेचं झालं आहे. पारखण्यासाठी चार भांडी दिली होती: रोजच्या वापरातला १२ लिटरचा पितळी गंज, एक परात, दूध तापवायचा लहान गंज आणि देवळातला महाप्रसादाचा मोठा गंज.

निकाल आधीच सांगतो. कारागिराचा हात चांगला आहे, वेळ पाळतो, दरही वाजवी. पण एकाच भट्टीवर दोन प्रकारच्या कांड्या आहेत आणि त्यातली एक अन्नाच्या भांड्याला लावण्याच्या लायकीची नाही. ती ओळखून नकार देता येत असेल तर भांडी बिनधास्त द्या. ओळखता येत नसेल तर पुढचं वाचल्याशिवाय देऊ नका.

कल्हई कशासाठी असते इथून सुरुवात करू, कारण अनेकांना ती निव्वळ चकाकीसाठी वाटते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. त्यात ताक, कढी, अंबाडीची भाजी, चिंचेचं आंबट वरण किंवा टमाटरची चटणी ठेवली की आंबटपणामुळे तांबं सुटून अन्नात उतरतं. आपल्या आज्या त्याला ‘कळकलं’ म्हणायच्या. कळकलेल्या ताकाला हिरवट झाक येते, जिभेवर कसर लागते, एक घोट गेला तरी मळमळतं. शरीराला तांबं लागतं, पण मोठ्या माणसाला दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम पुरे. जास्तीचं तांबं आतड्यातून थेट यकृतात जातं आणि यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकतं. निरोगी मोठ्या माणसाचं यकृत ही कामगिरी बऱ्यापैकी निभावतं. तान्ह्या बाळाचं निभावू शकत नाही. जन्मतःच बाळाच्या यकृतात तांब्याचा साठा जास्त असतो आणि पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची यंत्रणा अजून कच्ची असते.

याची किंमत आपल्याच राज्यानं मोजली आहे. सहा महिने ते चार-पाच वर्षांच्या मुलांचं पोट फुगायचं, यकृत कडक होऊन हाताला धारदार कडेसारखं लागायचं, कावीळ व्हायची आणि बहुतेक मुलं दगावायची. डॉक्टरी भाषेत त्याला ‘इंडियन चाइल्डहूड सिरोसिस’ म्हणत. १९८० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनच्या डॉ. टॅनर यांच्याबरोबर या मुलांच्या आहाराचा माग काढला. १९८३ साली त्यांनी मांडलं की या मुलांना फार लवकर वरचं दूध सुरू झालेलं होतं आणि ते दूध तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेलं किंवा साठवलेलं होतं. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅमला ५० मायक्रोग्रॅमच्या आत तांबं असतं. या मुलांत ते १,००० च्याही वर सापडत होतं. घरोघरी भांडी बदलली, स्टील आलं, आणि हा आजार जवळपास दिसेनासा झाला.

इथे एक गैरसमज मोडायला हवा. दूध आंबट नसतं, म्हणून पितळी गंजात चालतं, असं सर्रास म्हटलं जातं. दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवतं, त्यामुळे गोड दूधही पितळेतून तांबं ओढून घेतं, आणि चवीवरून ते कळतही नाही. म्हणून दुधाचा लहान गंज कल्हई करून घेतला तरी पाच वर्षांखालच्या मुलाचं दूध त्यात तापवू नका. कल्हई कुठे झिजली ते रोज कोण बघणार? त्या दुधाला स्टील. साधं पिण्याचं पाणी रात्रभर तांब्याच्या गुंडात ठेवायला मोठ्यांच्या बाबतीत हरकत नाही, त्याला कल्हईही लागत नाही. मात्र त्यात लिंबू पिळायचं नाही, अंबाडीचं सरबत करायचं नाही.

तांब्या-पितळेच्या भांड्याला नीट कल्हई नसेल तर ते अन्नासाठी अयोग्य, हे १९५५ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक नियमांतच लिहिलेलं होतं, आणि अन्न सुरक्षेच्या २०११ च्या नियमांनीही ते कायम ठेवलं.

आता भट्टीकडे. पहिला टप्पा सफाईचा, आणि निम्म्या कल्हया इथेच बिघडतात. इथल्या कारागिराने गंज आधी रिकामा तापवून जुना तेलकटपणा जाळला, मग पातळ तेजाबाचा बोळा फिरवला, मग वाळू आणि चिंचेनं घासून दोन पाण्यांनी धुतला. आतून गंज गुलाबी-पिवळा, एकसारखा दिसला पाहिजे. काळे ठिपके राहिले तर तिथे कथील धरतच नाही, वरून नुसतं पसरतं आणि पंधरा दिवसांत सुटतं. गंजाचा बूड जिथे वर वळतो त्या कोपऱ्यात आणि काठाच्या आतल्या घडीत हा काळेपणा दडतो. आपल्या गंजाच्या कोपऱ्यात तो राहिला होता. दाखवल्यावर कारागिराने कुरकुर न करता पुन्हा घासला. तेव्हा सफाई झाल्यावर भांडं बघायला मागा. कथील चढल्यावर बघून उपयोग नाही.

दुसरा टप्पा तापवण्याचा. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. भांडं त्याच्या थोडंच वर हवं. कांडी टेकवली की पाऱ्यासारखा चकचकीत थेंब धावला पाहिजे. थंड भांड्यावर कथील गोळ्यागोळ्यांनी बसतं. फार तापलं तर थराला पिवळी-निळी झाक येते, तो करपतो. या भट्टीवर भाता हाताचा असल्यामुळे आच हातात राहते. बिजलीच्या पंख्याच्या भट्ट्यांपेक्षा ही जमेची बाजू.

मग नवसागर. कापसाच्या बोळ्यावर नवसागराची पूड घेऊन गरम भांड्यात फिरवली की पांढरा धूर उठतो. उष्णतेनं नवसागर फुटून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ होते. ही वाफ धातूवर चढलेला ऑक्साइडचा थर खाऊन टाकते आणि उघड्या धातूला कथील पकडतं. त्याच बोळ्यानं कथील गोल गोल पसरवायचं, जास्तीचं पुसून काढायचं, आणि भांडं लगेच पाण्यात. पसरवण्याचं काम इथे अव्वल आहे. १२ लिटरच्या गंजाला दोन हात दिले, काठाच्या बाहेर बोटभर कथील आणलं. परातीत मात्र मधोमध एक रुपयाएवढा भाग पातळ राहिला, उजेडात तिरपं धरल्यावर पितळ डोकावत होतं. तो त्याने पुन्हा भरून दिला.

धुराबद्दल नाराजी आहे. भट्टीभोवती बाजारातली पोरं घोळका करून उभी असतात, त्यांना कोणी हटवत नाही. ही वाफ डोळ्यांना आणि छातीला झोंबते, दमेकऱ्याला धाप लागते. कारागिराच्या तोंडाला रुमालही नाही. तेजाबाचं धुतलेलं पाणी मागच्या नाल्यात जातं, आणि त्यात तांबं, जस्त आणि जुन्या कल्हईचा चुरा असतो. खड्डा करून त्यात चुना टाकून ओतलं तर आम्ल मरतं आणि बराचसा धातू गाळात बसतो; चुन्याची पिशवी काही महाग नाही. बाजार समितीनं एवढी अट घालावी.

आता खरी गोष्ट: कांडी.

पहिले दोन गंज आणि परात झाल्यावर देवळाचा मोठा गंज पुढे आला, तेव्हा कारागिराने पेटीतून दुसरी कांडी काढली. विचारलं तर सरळ सांगितलं, “हे जरा हलक्या भावाची हाय, मोठ्या भांड्याले हेच परवडते.” दोन्ही कांड्या दिसायला सारख्या, पांढऱ्या. पण दुसरी हातात जड लागली. मग दोन्हींचं वजन आणि आकारमान मोजलं. साधं काम आहे: किराण्याचा ग्रॅमचा काटा आणि १०० मिलिलिटरची मोजनळी. मोजनळीत ५० पर्यंत पाणी घ्यायचं, कांडी पूर्ण बुडवायची, पाणी किती चढलं ते वाचायचं, आणि वजनाला त्या आकड्यानं भागायचं. शुद्ध कथलाचं उत्तर ७.३ येतं, शिशाचं ११.३. पहिली कांडी १८४ ग्रॅम, पाणी चढलं २५ मिलिलिटर, म्हणजे ७.३६. ठीक. दुसरी २१० ग्रॅम, पाणी चढलं २४, म्हणजे ८.७५. हे जवळजवळ निम्मं शिसं आहे. भांडी डागायला जी डाक वापरतात तिच्याच जातीचं.

या मोजणीची मर्यादाही लक्षात ठेवा. वीस टक्क्यांवर शिसं असेल तर ती हमखास पकडते. पाच-सात टक्के असेल तर फरक मोजनळीच्या रेघेतच हरवतो. म्हणून जोडीला दोन खुणा. शुद्ध कथलाची बारीक कांडी कानाजवळ धरून वाकवली की आतून चरचर आवाज येतो. शिसं मिसळलं की तो मंदावतो किंवा येतच नाही. आणि पांढऱ्या कागदावर कांडी घासली तर शिशाची करडी रेघ पेन्सिलीसारखी उमटते. पक्की खात्री हवी असेल तर कल्हई झालेल्या भांड्यात ४ टक्के ॲसेटिक ॲसिड, म्हणजे साधारण व्हिनेगरच्या ताकदीचं, भरून झाकून २४ तास ठेवायचं आणि ते पाणी स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत नागपूरच्या एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला शिसं आणि तांबं मोजायला पाठवायचं. चीनी मातीची भांडी तपासायलाही जगभर हीच रीत वापरतात. चाचणीचं पाणी पिण्यात जाणार नाही याची काळजी घ्या.

शिसं का मिसळतात हे समजायला हिशेब बघा. कथलाचा भाव किलोला तीन-चार हजारांच्या घरात, शिशाचा दोनशेच्या आसपास. १२ लिटरच्या गंजाचं आतलं क्षेत्र सुमारे २,४०० चौरस सेंटिमीटर. या गंजाला पहिल्या कांडीतून २६ ग्रॅम कथील गेलं, म्हणजे थर साधारण १५ मायक्रॉनचा, जो चांगला आहे. निव्वळ कथीलच ९० रुपयांचं झालं. वर कोळसा, नवसागर, दोन माणसांचा पाऊण तास. त्याने ३५० रुपये घेतले, ते रास्त आहेत. कोणी असाच गंज शंभरात कल्हई करून देत असेल तर त्यात कथील नाही, एवढं नक्की समजा. आणि शिशाच्या मिश्रणाची एक लबाड सोय असते: ते १८३ अंशालाच वितळू लागतं, कोळसा कमी लागतो, पसरतंही छान. पहिल्या दिवशी चकाकतंही तितकंच. महिनाभरात मात्र काळवंडतं.

तांब्यापासून यकृत वाचवायला कल्हई करायची आणि तिच्यातूनच शिसं पोटात घालायचं, हे चालवून घेता येणार नाही. तांब्याची शरीराला गरज तरी आहे आणि ते बाहेर टाकायची वाट आहे. शिशाची गरज काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही. मोठी माणसं गिळलेल्या शिशातलं साधारण दहावा हिस्सा शोषतात, लहान मुलं निम्म्यापर्यंत. पोटात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शोषण आणखी वाढतं, आणि आपल्या भागात बायका-मुलांमध्ये लोहाची कमतरता किती आहे हे अंगणवाडीच्या ताईंना विचारा. शोषलेलं शिसं आधी यकृतातून जातं. यकृताकडे विषारी पदार्थ निष्प्रभ करायला ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो. शिसं तो खर्ची घालतं आणि यकृतातल्या विकरांना (एन्झाइमना) चिकटून बसतं. हिमोग्लोबिनमधलं ‘हीम’ तयार करणारी साखळी ते दोन ठिकाणी तोडतं. हीम रक्तालाही लागतं आणि औषधं पचवणाऱ्या यकृतातल्या विकरांनाही, म्हणून एकाच घावात रक्त कमी होतं आणि यकृताचं कामही मंदावतं. मग उरलेलं शिसं हाडांत जाऊन बसतं, कॅल्शियमच्या जागी, दहा-वीस वर्षं. गरोदरपणात हाडं झिजतात तेव्हा ते पुन्हा रक्तात येऊन बाळापर्यंत पोचतं.

लक्षणं फसवी असतात. पोटात मुरडा, शौचाला साफ न होणं, थकवा, भूक मंदावणं, मुलांचं अभ्यासात मागे पडणं. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांच्यात पोटदुखी आणि कमी रक्त आधीच असतं, त्यामुळे शिशाचा संशयच कोणाला येत नाही. एसजीपीटी वगैरे लिव्हरच्या तपासण्या शिसं असूनही नॉर्मल येऊ शकतात, तेव्हा त्या नॉर्मल आल्या म्हणून निश्चिंत होऊ नका. शिशासाठी वेगळी तपासणी असते आणि ती संपूर्ण रक्तावर करतात, सीरमवर (रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पाण्यावर) नाही. नळीही धातूविरहित लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करायचं. बहुतेक वेळा तेवढंच पुरतं, कारण रक्तातलं शिसं महिना-सव्वा महिन्यात निम्मं होतं. शिसं खेचून काढणारी औषधं फार वरच्या पातळीला आणि डॉक्टरांच्या देखरेखीतच देतात. ‘लिव्हर साफ करणारी’ पुडी बाजारातून आणू नका. अशा बेनावाच्या पुड्यांत आणि काही भस्मांत शिसं आणि पारा सापडल्याच्या नोंदी आहेत. कावीळ झालेल्या माणसाला ते देणं म्हणजे दुखऱ्या यकृतावरच घाव.

पितळ नको म्हणून कोणी भंगारातून ओतलेली ॲल्युमिनियमची जाड भांडी घेत असेल तर तोही सुटकेचा मार्ग नाही. ॲल्युमिनियमच्या काही भांड्यांतून शिसं सुटतं म्हणून २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही इशारा दिला होता.

चांगली कल्हई घरी आणल्यावर पहिलं काम: नवसागराचा अंश घालवणं. तो राहिला तर खारट लागतो आणि तिथे हिरवं चढतं. गंजात पाणी उकळून दोनदा फेकून द्या, मग तांदळाची पेज उकळून तीही फेका. त्यानंतर त्यात कधीही कोरडी फोडणी नको, भाजणं नको, तळण नको. रिकामा गंज मोठ्या आचेवर दोन मिनिटांत २३२ च्या वर जातो आणि कल्हई थेंब होऊन बुडाशी गोळा होते. लोखंडी सराटा वापरायचा नाही, लाकडी घ्या. घासायला राख आणि काथ्या नको. मऊ कापड आणि साबण. रोजच्या वापरात दोन-तीन महिन्यांत बुडाशी पिवळं दिसू लागतं. नखाएवढं पितळ उघडं पडलं की आंबट पदार्थ बंद करून पुढच्या बाजाराला भांडं द्यायचं. कढी किंवा ताक मात्र चांगल्या कल्हईतही रात्रभर ठेवू नका, स्वयंपाक झाला की स्टीलमध्ये काढा.

राहिला देवळाचा मोठा गंज. दुसऱ्या कांडीचा हात त्यावर थांबवला, पण काठाजवळ वीतभर भाग लागून गेला होता. तो नुसता झाकून चालत नाही, कारण नवं कथील खालच्या शिशाशी मिसळतं. गंज पुन्हा तापवून तो भाग कोरड्या कापसानं पुसून काढायचा, त्यावर शुद्ध कथील लावून पुन्हा पुसायचं, असं दोनदा, आणि मगच शेवटचा थर. पुसलेला कापूस चुलीत जाळायचा नाही, शिशाची धूळ उडते. डब्यात बंद करून ठेवा. कारागिराने हे सगळं केलं आणि त्याचे १०० रुपये जास्त घेतले. द्यायला हवे होते.

या गंजात हनुमान जयंतीला गावभर वाढायची कढी होते आणि पंगतीत सगळ्यांत आधी पोरं बसतात. ६० सेंटिमीटर रुंद आणि ५० खोल अशा गंजाला ९० ते १८० ग्रॅम कथील लागतं, म्हणजे वर्षाला फार तर सहा-सातशे रुपये. देवस्थान समितीनं नागपूरहून शुद्ध कथलाची पाव किलोची लगड पावतीनिशी आणून ठेवावी, मोजनळीत बुडवून ७.३ चा आकडा वहीत लिहावा आणि कारागिराला फक्त मजुरी द्यावी. तशी मजुरी घ्यायला तो तयार आहे. मोठ्या गंजाचे त्याने कथलाशिवाय ५०० सांगितले. भट्टी होळीपर्यंत असते. मोठं भांडं सकाळी लवकर न्या, दुपारी कोळसा संपत आला की तो आच वाचवतो.